कोणती भाषा, याआधी कोण शिकवणार ते ठरवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पहिलीपासून मुलांना किती भाषा शिकवाव्यात आणि कोणत्या, यावर आपल्या पत्रांच्या पानावर जोरात चर्चा चालू आहे. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा 16 एप्रिल 2025 चा शासन निर्णय, मग 'सक्ती' काढणारा 17 जूनचा सुधारित निर्णय, मग 29 जूनला दोन्ही रद्द आणि भाषांचं धोरण ठरवायला डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती, हे सगळं मी इथे मेलबर्नला बसून मोबाइलवर वाचत आले. छापून आलेली पत्रंही वाचली. हिंदी हवी, हिंदी नको, इंग्रजी पुरे, मराठी वाचवा, हे मुद्दे आले. वर्गात उभं राहून ती भाषा शिकवणार कोण आणि सहा वर्षांच्या लेकराचा तो तास जाणार कसा, याबद्दल मात्र फारच थोड्यांनी लिहिलं. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण शक्य तर पूर्ण छापावं ही विनंती.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत गेली, त्यातला मोठा काळ अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यात. पहिली-दुसरीचे वर्ग बहुतेक माझ्याचकडे असायचे. निवृत्तीनंतर लेकीकडे मेलबर्नला आले आणि आता इथेच राहते. माझी नात तिसरीत आहे आणि तिची शाळा द्विभाषिक आहे, इंग्रजी आणि जपानी. मेलबर्नच्या आग्नेय भागात अशा दोन सरकारी प्राथमिक शाळा आहेत, हंटिंगडेल आणि कॉलफिल्ड. त्यांतली नातीची कोणती, ते लिहीत नाही, कारण लेकरांची ओळख पेपरात येऊ नये असं मला वाटतं. तिला सोडायला-आणायला मी जाते, वर्गात कागद कापायला, रंग भरायला मदतीला जाते, आणि शिक्षिकेचे डोळे काही निवृत्त होत नसतात, त्यामुळे पाहत असते.

ही काही श्रीमंतांची शाळा नाही. सरकारी आहे, आसपासच्या वस्तीतली मुलं येतात. ओकली भाग ग्रीक लोकांचा म्हणून प्रसिद्ध, क्लेटनमध्ये आपले भारतीय भरपूर, शिवाय चिनी आणि श्रीलंकेचे. घरी जपानी बोलणारी मुलं वर्गात थोडीच. बाकीच्यांना पहिल्या दिवशी जपानीचा एक शब्द येत नसतो. व्हिक्टोरिया राज्याच्या शिक्षण खात्याने द्विभाषिक म्हणून नेमलेल्या शाळांना आठवड्याच्या 25 तासांपैकी किमान 7.5 तास त्या दुसऱ्या भाषेतून शिकवावं लागतं. 'भाषेतून' म्हणजे जपानी हा विषय नव्हे. नातीच्या शाळेत गणिताचा बराच भाग, विज्ञान आणि चित्रकला जपानीतून होते. वाचन-लेखन इंग्रजीतून. दोन भाषांना दोन शिक्षिका, आणि त्या दोघी आठवड्याचं नियोजन शेजारी बसून करतात. जपानी बाई त्या आठवड्यात पाण्याची वाफ कशी होते ते शिकवणार असतील, तर इंग्रजीच्या बाई पावसावरचा उतारा वाचायला घेतात.

इथे शाळेचं वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं. कडक उन्हाळा असतो, पाच वर्षांची लेकरं, डोक्यावर रुंद काठाची टोपी. टोपी नसेल तर मैदानात खेळायला मिळत नाही, सावलीत बसावं लागतं, असा नियम. नातीच्या वेळचा तो पहिला आठवडा मला नीट आठवतो, कारण मी धास्तावले होते. घरी आम्ही मराठी बोलतो, बालवाडीत ती इंग्रजी शिकली, आता ही तिसरी भाषा. बाई वर्गात आल्या त्या जपानीच बोलत आल्या, शेवटपर्यंत जपानीच. 'तात्ते' म्हणाल्या आणि स्वतः उभ्या राहिल्या. 'सुवात्ते' म्हणाल्या आणि बसल्या. टोपी काढून दाखवली, घातली, पुन्हा काढली. एकही वाक्य इंग्रजीत करून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग बाईंच्या आधी उठत होता.

पण मला खरं महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. एका मुलाला काही सांगायचं होतं. त्याने ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी त्याला 'जपानीत बोल' म्हटलं नाही. ऐकून घेतलं, मान हलवली आणि त्याचंच म्हणणं जपानीत सावकाश म्हणून दाखवलं. पहिली दोन वर्षं मुलांनी कुठल्या भाषेत उत्तर द्यावं यावर बंधनच नाही. बाई जपानी सोडत नाहीत आणि मुलाचं बोलणं बंद पडत नाही. दिवसाच्या उरलेल्या वेळात तेच मूल आपल्या सवयीच्या भाषेत बोलतं, वाचतं, भांडतं. त्यामुळे 'मला काहीच येत नाही' अशी भावना घेऊन ते घरी जात नाही.

माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा धारणीची पहिली उभी राहत होती. मेळघाटातल्या कोरकू लेकरांची घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातली, मराठीशी तिचं दूरचंही नातं नाही. ते लेकरू घरी चुरूचुरू बोलतं, जंगलातली पाखरं नावाने ओळखतं, धाकट्या भावंडाला सांभाळतं, बाजारात बापाबरोबर हिशोब करतं. आणि वर्गात येऊन मुकं होतं. पुस्तक मराठी, फळ्यावर मराठी, तपासायला येणारे साहेब मराठी, चाचणी मराठी. सहा-सहा महिने बोलत नसत. मग शेऱ्याच्या रकान्यात 'अभ्यासात मागे' लिहिलं जाई. मूल मागे नव्हतं. त्याने तोंडातून काढलेल्या शब्दाला शाळेत जागाच नव्हती.

इथे जपानीच का, असं मला अमरावतीचे नातेवाईक फोनवर विचारतात. ऑस्ट्रेलियातल्या शाळांत जपानी पुष्कळ शिकवली जाते. जपानशी व्यापार मोठा आहे, मेलबर्न आणि ओसाका 1978 पासून भगिनी शहरं आहेत, जपानी माणसं इथे राहून आहेत. आपल्या पुण्यातही तरुण मुलं जपानी शिकतात, पण बहुतेक कॉलेजच्या वयात, नोकरीसाठी. इथे पाचव्या वर्षी सुरू होते आणि नोकरीचा विषयही नसतो. तरी माझं म्हणणं जपानीबद्दल नाहीच. दुसरी भाषा शाळेत आणायची तर कशी आणावी, हे मी ह्या शाळेत पाहिलं.

वर्गातल्या भिंतीवर हिरागाना अक्षरांचा तक्ता आहे. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा नातीला म्हटलं, वाचून दाखव. ती वाचू लागली: आ इ उ ए ओ, का कि कु के को, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी चाटच पडले. ही तर आपलीच चाल! नंतर इथल्या बाईंनी सांगितलं की बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत लिहायची सिद्धम् लिपी जपानात पोचली आणि तिथल्या पंडितांनी संस्कृत वर्णमालेच्या क्रमाचा आधार घेऊन हा तक्ता लावला. आयुष्यभर क-ख-ग शिकवलेल्या बाईला हे मेलबर्नच्या एका भिंतीवर पाहायला मिळावं, याचा मला किती आनंद झाला ते कसं लिहू? नातीला मी त्याच संध्याकाळी आपली बाराखडी लिहायला बसवलं. क्रम तिला अर्धा आधीच पाठ होता.

गणिताचंही सांगितलंच पाहिजे. जपानीत अकरा म्हणजे 'दहा एक', पंचवीस म्हणजे 'दोन-दहा पाच', असंच बोलतात. वाचकांना आठवत असेल, 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'बरोबर 'वीस पाच' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर बाईंनी शांतपणे परोपरीने समजावलं की लहान मुलांना जोडाक्षरांच्या संख्या जड जातात, लिहिताना अंकांची अदलाबदल होते, म्हणून ही सोय केली. त्यांची टिंगल करणाऱ्यांनी एकदा हा वर्ग पाहायला हवा होता. पाच-सहा वर्षांची मुलं दशक-एकक न चुकता सांगतात, कारण त्या भाषेत संख्येच्या नावातच दशक-एकक आहे. मी दुसरीला शिकवलेली आहे. एकोणतीस आणि एकोणचाळीस, त्रेसष्ट आणि छत्तीस यांत लेकरं कशी अडखळतात ते मला ठाऊक आहे. नारळीकर बाईंचं म्हणणं बरोबर होतं, असं मी तेव्हाही शाळेत बोलले होते आणि आज पेपरातून लिहिते.

आणि पाढे! कोण म्हणतं परदेशात पाढे पाठ करून घेत नाहीत? जपानी मुलं पाढे म्हणतात, त्याला 'कुकु' म्हणतात. नि-निन-गा-शि, नि-सान-गा-रोकु, नि-शि-गा-हाचि. बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. तोच ठेका. मार्च महिन्यातल्या एका सकाळी मी व्हरांड्यात थांबले होते आणि आतून वीस-पंचवीस आवाज एका लयीत येत होते. ग्रीक घरची मुलगी, चिनी घरचा मुलगा, आमची नात. कुणी चुकलं की बाकीचे थांबत आणि त्याला घेऊन पुढे जात. घरी ती बेचा पाढा जपानीत म्हणते, मी मराठीत म्हणते, आणि लेक मध्येच कॅल्क्युलेटर काढते.

आता शाळेच्या बाकीच्या जगण्याबद्दल. भाषा वर्गात सुरू होते खरी, पण मुरते ती वर्गाबाहेर, असं मी पाहिलं. ह्या शाळेचं एक बातमीपत्र घरोघरी येतं. त्यात मोठं असं काही नसतं. हरवलेल्या स्वेटरांचा ढीग ऑफिसबाहेर ठेवलाय, नावं घालून न्या. दुसरीच्या वर्गात उवा निघाल्यात, घरी डोकी तपासा. ग्रंथालयाची पुस्तकं परत करा. शनिवारी श्रमदान आहे, फावडं असेल तर आणा. दाण्याची अॅलर्जी असलेली मुलं शाळेत आहेत, डब्यात शेंगदाणे नकोत. ही सूचना वाचून माझा पहिला महिना फार अवघड गेला, कारण आमच्या घरी उसळीत कूट, खिचडीत कूट, भाजीत कूट, चटणी तर दाण्याचीच. आता नातीच्या डब्याला खोबरं नि तीळ वापरते. ह्या बातमीपत्रात जपानीतला मजकूरही असतो. जपानी आयांसाठी आणि शिकणाऱ्या मुलांसाठीही. सहावीची मुलं त्यात स्वतः लिहितात. मुलांनी लिहिलेलं चार ओळींचं का होईना, त्यांचे आईबाप फ्रिजवर लावतात. आमच्याकडेही लावलेलं आहे.

श्रमदानाच्या शनिवारी सकाळी पालक जमतात, झाडांभोवती भुशाचा थर टाकतात, मैदानावरच्या खेळांच्या पुसलेल्या रेघा रंगवतात. कोपऱ्यात जाळीवर सॉसेज भाजले जातात, शाकाहारी वेगळे. एका जपानी आईने भाताचे त्रिकोणी गोळे केले होते, समुद्री शेवाळात गुंडाळलेले. लेकीने आलूबोंडे नेले होते, ते आधी संपले. एक ग्रीक आजोबा ऑलिव्ह कलम कसं करायचं ते दाखवत होते, इंग्रजी त्यांचंही माझ्याइतकंच. सांगायचा मुद्दा हा, की ज्या माणसांची मुलं शिकतात ती माणसं शाळेला आपली समजून तिथे उभी होती आणि कुणाच्या भाषेची कुणाला लाज वाटत नव्हती.

जपानी शाळांसारखा क्रीडादिन, 'उंदोकाइ', इथेही होतो. लाल गट आणि पांढरा गट. सुरुवातीला सगळी शाळा रेडिओवरची कवायत करते. जपानात ही कवायत 1928 पासून चालत आलेली आहे. मला आमच्या शाळेची मैदानावरची कवायत आठवली, डंबेल्स आणि ढोलाच्या ठेक्यावर हात वर-खाली. मग उंच काठीवरच्या टोपलीत कापडी चेंडू टाकायचा खेळ. सगळी मुलं एकदम टाकतात, वर नुसता पाऊस. शेवटी दोन्ही टोपल्यांतले चेंडू एकेक करून हवेत उडवत मोजतात, सगळी शाळा मोठ्याने मोजते, जपानीत. नुकतीच शाळेत आलेली पाच वर्षांची पोरंसुद्धा मोजतात, कारण कुठला गट जिंकतो ते कळायला हवं! त्यांना आकडे शिकवायला कुणी बसलेलं नव्हतं. माइकवर घोषणा दोन भाषांत सहावीची मुलं करत होती. त्यांत एक मुलगा होता, ज्याला इंग्रजी वाचनासाठी वेगळी मदत मिळते, हे मला मदतीला जात असल्यामुळे माहीत होतं. त्या दिवशी जपानी घोषणा तो करत होता, न अडखळता, छाती काढून. त्याची आई दोरीपलीकडे उभी राहून रडत होती. शाळेत एकाच भाषेचं मोजमाप असतं तर हा मुलगा कायम मागच्या बाकावरचा राहिला असता.

सणांचं ऐका. 3 फेब्रुवारीच्या सुमारास सेत्सुबुन. कुणीतरी राक्षसाचा मुखवटा घालून येतं आणि मुलं सोयाबीनचे दाणे फेकत ओरडतात, राक्षस बाहेर, भाग्य आत. मी हसून लेकीला म्हटलं, ही तर आपली इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो! 7 जुलैला तानाबाता असतो, पण तेव्हा इथे हिवाळ्याची सुट्टी चालू असते, म्हणून शाळा तो आधीच करून घेते. बांबूच्या फांद्या आणतात, रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर आपली इच्छा लिहायची आणि फांदीला बांधायची. पट्ट्या कापायचं काम माझ्याकडे होतं. इच्छा कुठल्याही भाषेत लिहिली तरी चालते, असं बाईंनी आधीच सांगितलं. त्यामुळे त्या बांबूवर जपानी होतं, इंग्रजी होतं, ग्रीक, चिनी, सिंहली होतं. 'मला कुत्रा मिळू दे' तर निदान सहा पट्ट्यांवर. नातीने मराठीत लिहिलं, 'आजीचा गुडघा बरा होऊ दे', 'गुडघा'तला ग आणि ड उलटसुलट करून. तिची जपानी मैत्रीण ते अक्षर बघत बसली आणि मग म्हणाली, वरच्या रेघेवर सगळे लटकलेत. तिला मी तिचं नाव देवनागरीत लिहून दिलं.

जपानी पाठ्यपुस्तकात शाळा एप्रिलमध्ये सुरू होते आणि पहिल्याच पानावर साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर असतो. मेलबर्नला एप्रिल म्हणजे पानगळ, साकुरा इथे सप्टेंबरात फुलतो. म्हणून शिक्षिकांनी इथल्या ऋतूंप्रमाणे स्वतःचं साहित्य तयार केलं आहे. गोष्टीत कांगारू आहे, निलगिरी आहे, वणव्याचा धूर आहे. टोकियोचं पुस्तक जसंच्या तसं त्यांनी मुलांवर लादलं नाही. धारणीच्या लेकराला मार्च म्हणजे मोहाची फुलं वेचायचा महिना, आणि होळी म्हणजे पाच दिवसांचा मोठा सण, फगवा मागत फिरणं, कामासाठी बाहेर गेलेल्यांचं गावी परतणं. पहिलीच्या पुस्तकात त्याला हे दिसलं तर ते पुस्तक त्याला आपलं वाटेल, आणि ते लिहायला पुण्याहून कुणी जायला नको. गावात बारावी झालेली, डी.एड. केलेली कोरकू मुलं-मुली आहेत.

सगळं छान छान आहे असं मी लिहिणार नाही. इथल्या पालकांनाही काळजी असते. तिसरीत आणि पाचवीत देशभर नॅपलॅन नावाची चाचणी होते, ती इंग्रजीत. गणित जपानीतून शिकलेलं मूल त्यात मागे पडेल का, ही शंका दर वर्षी कुणीतरी सभेत विचारतंच. सहावीनंतर माध्यमिक शाळेत ह्याच पातळीवर जपानी पुढे चालेलच असं नाही, आणि मग कमावलेलं हळूहळू जातं. सगळ्यांत मोठी अडचण शिक्षकांची. ती भाषाही उत्तम यायला हवी आणि शिकवण्याची पात्रताही हवी, अशी माणसं कुठून आणायची? फुट्सक्रे नावाच्या उपनगरात व्हिएतनामी लोकांची जुनी वस्ती आहे. तिथल्या सरकारी शाळेतला व्हिएतनामी-इंग्रजी वर्ग बंद करून त्याजागी इटालियन आणली गेली, तेव्हा शिक्षक मिळत नाहीत हे कारण पुढे आलं आणि व्हिएतनामी समाज दुखावला, विरोधाला उभा राहिला. त्यांचं दुःख मला फार जवळचं वाटलं. आपली भाषा शाळेतून जाते तेव्हा काय जातं, हे ज्याचं जातं त्यालाच कळतं.

मराठीचंही खरं ते लिहिते. नातीचं जपानी अक्षर तिच्या मराठी अक्षरापेक्षा सुबक आहे. रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत ती जाते, पण आठवड्याचे दोन तास कुठे पुरणार? मला ह्याचा त्रास होतो. तरी ह्या शाळेने आम्हाला प्रवेशाच्याच दिवशी सांगितलं होतं, घरी तुमच्या भाषेत बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा, इंग्रजी-जपानीची काळजी आमच्यावर सोडा. आपल्या गावोगावच्या शाळांत मी नेमकं उलटं ऐकलं आहे: घरी मराठी बोलू नका, इंग्रजी बोला, नाहीतर मूल मागे पडेल. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा मलाही अभिमान आहे. पण आपल्याच घरात ती बोलू नका असं सांगणारी शाळा जोवर चालते, तोवर त्या दर्जाचं काय करायचं?

लेक शाळेच्या कौन्सिलवर आहे. पालकांतून निवडून गेलेले सभासद तिथे असतात. सभा इंग्रजीत होते, पण जिचं इंग्रजी कच्चं आहे अशा जपानी आईशेजारी कुणीतरी बसून तिला सांगतं, आणि तिचं म्हणणं सभेपुढे मांडतं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या बायकांना. इतकी चांगली तरतूद इथेही नाही. पण धारणीच्या सभेत कोरकू आया पदर तोंडाशी धरून बसत, मराठीतलं इतिवृत्त वाचलं जाई आणि शेवटी अंगठा. त्यांना मत नव्हतं असं कुणी समजू नये. सभा संपल्यावर पाणवठ्यावर त्या शाळेबद्दल जे बोलत, त्यातलं निम्मं जरी इतिवृत्तात आलं असतं तरी पुष्कळ सुधारणा झाली असती.

तर माझी मागणी. पहिलीला तिसरी भाषा हा विषय सध्या बाजूला ठेवा. 17 जूनच्या निर्णयात 20 मुलांनी मागणी केली तर हिंदीऐवजी वेगळ्या भाषेचा शिक्षक देऊ, नाहीतर ऑनलाइन शिकवू, असं होतं. सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावरून भाषा शिकवणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक सकाळ काढून पाहावं. त्याऐवजी ज्या मुलांच्या घरची भाषा मराठी नाही, त्यांच्यासाठी खऱ्या अर्थाने द्विभाषिक प्राथमिक शाळा सुरू करा. मेळघाटात कोरकू-मराठी, गडचिरोलीत गोंडी-मराठी आणि माडिया-मराठी, नंदुरबारला भिली आणि पावरी. सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी मोजक्या शाळा, ग्रामसभेच्या संमतीने. वर्गाला दोन शिक्षक, एक त्या भाषेचा, आणि त्याला पूर्ण पगार. मानधनावरचा मदतनीस नको. गणित आणि परिसर अभ्यास घरच्या भाषेतून, मराठी वाचन-लेखन मराठीच्या शिक्षकाकडून, दोघांचं नियोजन एकत्र. आणि सहा-सात वर्षं कुणी त्यात हात घालू नये. वर्षा-वर्षाला आदेश बदलले तर काहीच रुजत नाही.

ह्यात कायद्याची काही अडचण नाही. राज्यघटनेचं कलम 350 अ भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं अशी सोय करायला सांगतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तिथवर मातृभाषेचं माध्यम लिहिलेलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने तर कुणाची वाट न पाहता गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच काढली, आणि त्यांना मान्यतेसाठी झगडावं लागलं. जे शासनाने करायचं ते गावाने केलं, तर त्यांच्या पाठीवर थाप पडायला हवी होती.

मराठी गावांतल्या शाळांसाठीही ह्यात घेण्यासारखं आहे. आपल्याकडे सेमी-इंग्रजी चालतं. गणित-विज्ञानाचं पुस्तक इंग्रजी, शिकवणारा अर्धं मराठीत समजावतो, अर्धं इंग्रजीत पाठ करून घेतो, आणि मुलं दोन्हीकडून अर्धीच राहतात. ज्याला ती भाषा सहज बोलता येते त्यानेच त्या भाषेतून शिकवावं, हा इथला साधा नियम आहे. तेवढा पाळता येत नसेल त्या शाळेने सरळ मराठीतून उत्तम गणित शिकवावं. मूल त्याने काही मागे पडत नाही.

आपणाकडेही एक मागणं आहे. आपल्या पेपरचे बातमीदार धारणी-चिखलदऱ्यात आहेत. कुपोषणाच्या बातम्या ते देतातच, त्या द्यायलाच हव्यात. पण तिथल्या पहिलीच्या वर्गात एक दिवस बसून मुलं किती वेळ बोलतात आणि कुठल्या भाषेत, हेही एकदा छापा. तिथे आज शिकवणाऱ्या कोरकू शिक्षकांना लिहायला सांगा. नातीच्या शाळेतल्या दोन शिक्षिकांनी एका सत्राचं नियोजन कसं केलं, विषय कसे वाटून घेतले, पहिल्या चार आठवड्यांत कोणकोणती वाक्यं वापरली, हे त्यांनी मला विचारल्यावर मोकळेपणी दाखवलं आणि पुढे द्यायलाही हरकत नाही म्हणाल्या. मी ते मराठीत लिहून काढत आहे. मेळघाटातल्या ज्या शिक्षकाला हवं असेल त्याने आपल्या पेपरच्या कार्यालयात कळवावं, मी पाठवीन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
(धारणी, जि. अमरावती, सध्या मुक्काम मेलबर्न)